पेटीला चाकं लागली

आमच्या ह्यांना सुतारकाम येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या चिखले गावात आता कुणालाही विचारलंत तर उलटंच ऐकायला मिळेल.

पेटी मी केली होती. चिकू भरायची जुनी लाकडी खोकी शेडमागे कुजत पडली होती. त्यातल्या धड फळ्या निवडल्या, वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले, आतून थर्माकोल लावला आणि माझ्या हाताने पेटी उभी केली. दिसायला सुबक नव्हती, झाकण एका बाजूने कायम उचललेलं. पण चिकूची कुल्फी, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर ओलं गोणपाट, असं एकदा भरलं की दिवे लागेपर्यंत कुल्फी जागची हलायची नाही. हे बघायला आले आणि म्हणाले, "काय गं, मांजराची पालखी केलीस का?" तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. शेरा मारल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागत नाही.

शनिवार-रविवारी मी आणि माझी थोरली जाऊ, दोघी दोन बाजूंची दोरी धरून ती पेटी किनाऱ्यावर न्यायचो. सुरूच्या झाडांपर्यंत वाट बरी. पुढे भुसभुशीत वाळू, आणि ओहोटी असली की पाणी मेलं कुठच्या कुठे गेलेलं. गिऱ्हाईक बसणार पाण्यापाशी, म्हणजे पेटीही तिथवर न्यायलाच हवी. हे तेव्हा ओट्यावर पेपर वाचत बसलेले असायचे. एकदा उठून हात लावला असेल तर शपथ! कचेरीत ज्याला लोक साहेब म्हणायचे, त्याने बायकोची कुल्फी वाहायची? लोक काय म्हणतील? मी त्या लोकांत रोज उभी असायचे. ते म्हणायचे, "मावशी, दोन द्या." याखेरीज काही म्हणताना मी तरी ऐकलं नाही.

मग जाऊ वापीला लेकाकडे राहायला गेली आणि माझी पाठ धरली. डहाणूच्या डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं. ह्यांना तर आनंदच झाला. "झालं ना मग? बंद कर आता. काय कमी आहे आपल्याला?"

आपल्याला नसेल, मला होतं. घरात मी कुणाची तरी बायको, कुणाची आई, कुणाची वहिनी. किनाऱ्यावर मात्र बोर्डीहून चालत आलेली माणसंसुद्धा "ती कुल्फीवाली मावशी कुठे बसते?" असं विचारत यायची. ते सोडून घरी बसायचं या विचारानेच मला रडू फुटलं, आणि रडू फुटलं की मला राग येतो. मी सांगितलं, "बंदबिंद काही नाही. पेटीला चाकं लावू."

आता गंमत बघा. पेटी उचलणं ह्यांच्या इभ्रतीला झेपत नव्हतं, पण चाकं बसवणं चालत होतं. त्यात डोकं लागतं ना! कचेरीच्या लिलावातून आणलेली एक फिरती खुर्ची माळ्यावर पडून होती. तिची चाकं काढली आणि पेटीच्या तळाला बसवली. अंगणातल्या कोब्यावर पेटी अशी पळाली की हे स्वतःच टाळ्या वाजवायला लागले. वाळूत शिरल्याबरोबर ती चाकं गडप. मी ओढतेय, पेटी नांगरासारखी वाळू उकरतेय, आणि हे? हे मागे सुरूच्या झाडाला टेकून, आपला या बाईशी काही संबंध नाही असं तोंड करून उभे. कुल्फीचं पार पाणी झालं. मी घरी येऊन भांडी अशी आपटली की शेजारीण डोकावून गेली.

मग ह्यांनी ठरवलं, मजबूत चाकं आणायची, खडकावरून गेली पाहिजेत अशी. आमच्याकडे असलं भंगार हवं असलं की लोक पलीकडे गुजरातेत, उंबरगावला फोन लावतात. ह्यांना आपल्या गुजरातीचा भारी अभिमान. माझं माहेर बोर्डीचं, मी लहानपणापासून गुजराती बोलत आलेय, पण फोन मला द्यायचा म्हणजे कमीपणा. आवाज मोठा करून भंगारवाल्याला म्हणाले, "चार पेंडा जोईए छे. मोटा!"

चाकाला गुजरातीत म्हणतात पैडुं. चार असली की पैडां. पेंडा म्हणजे पेढा. पलीकडचा माणूस म्हणाला, "अरे वा साहेब, शेनी खुशी छे?"

"खुशी-बिशी काही नाही," हे मराठीवर आले, परत गुजरातीत शिरले, "रेतीमां चाले एवा जोईए!" वाळूत चालतील असे पेढे! मी पदर तोंडात कोंबला. शेवटी फोन ओढून घेतला आणि चाकं सांगितली. तो माणूस इतका हसत होता की त्याला पत्ता तीनदा विचारावा लागला. "तोच शब्द आहे, उच्चार वेगळा," असं हे म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

चाकं मात्र झकास निघाली. बागेत औषध फवारायच्या पंपाच्या ट्रॉलीची, रुंद, जाड रबराची, हवा भरायची. डहाणूच्या वेल्डरने दोन लोखंडी आस बसवून दिले. हँडल ह्यांनी घरी केलं, दोन सागाचे दांडे आणि वर आडवी पट्टी. उंचीचं माप घ्यायला कोण उभं राहिलं? हे स्वतः. आमचे हे ताडमाड, मी त्यांच्या खांद्याला जेमतेम लागते. ती पट्टी माझ्या छातीशी आली. मी म्हटलं, "अहो, मला उंच होतंय." म्हणाले, "सवय होईल."

दुसऱ्या दिवशी पूजा. नारळ, झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं. शेजारपाजारच्या बायका जमल्या. हे टोपी घालून हँडल धरून उभे, कपाळ पुढे केलेलं. शेजारीण म्हणाली, "वहिनी, गाडीला ओवाळा, मालकांना ओवाळा." मी ओवाळलं. इतकी वर्षं ती पेटी माझ्या कंबरेला घासत होती, तेव्हा कुणी तिला हळदीचं बोट लावलं नाही. तेव्हा ती पेटी होती. चाकं लागली आणि गाडी झाली, आणि गाडी झाली म्हणजे तिला मालक आला. तबक हातात असताना हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि जळलं मेलं निरांजन माझ्याच बोटाला चटका देऊन गेलं.

वाळूत पहिल्या दिवशी तीही रुतली. ह्यांनी चाकांत ठासून हवा भरलेली, चाकं टणक. होड्या ओढायला येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना मी वाळूत शिरण्याआधी चाकातली हवा कमी करताना पाहिलं होतं. कुल्फीची काडी घेतली, व्हॉल्व्हमध्ये खुपसली आणि फुस्स करून चारी चाकं थोडी मऊ केली. "अगं, काय करतेस? हवा काढतेस?" हे ओरडले. मी म्हटलं, "हो. चाकांची. तुमची नंतर." गाडी लोण्यातून गेल्यासारखी पाण्यापर्यंत गेली.

आणि मग सुरू झाला तमाशा. मुंबईची पोरं फोटो काढायला लागली. "काका, ही तुम्ही बनवलीत? काय भारी आयडिया आहे!" काका लगेच हरभऱ्याच्या झाडावर. "आपलंच डोकं," म्हणायचे, "साधंच आहे, फक्त विचार करावा लागतो." ज्यांना पेटीची लाज वाटायची, ते आता इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हँडल धरून पुढे, आणि मी मागून काड्यांची पिशवी घेऊन. कुल्फी कशाशी खातात हे ठाऊक नाही, आणि "घरचा चिकू, आपली खास कृती" असं लोकांना सांगायचे. कचेरीतले जुने लोक भेटले की फुकट वाटायचे. एक बाई मला म्हणाली, "किती छान, तुम्हीसुद्धा मदत करता वाटतं काकांना!" मी कुल्फी तिच्या हातावर ठेवली आणि सुटे पैसे परत केले, एवढंच. माझा स्वभाव माहीत असलेल्यांना हे खोटं वाटेल.

पण खरा घाव घरी बसला. एका शनिवारी जेवताना हे अगदी मायेने म्हणाले, "उद्यापासून तू येऊ नकोस. उन्हात कशाला? पाठ सांभाळ. तू कुल्फी करून दे, बाकी मी बघतो."

जी पेटी वाचवायला चाकं लावली, त्याच चाकांवरून ती माझ्या हातून चालली होती. आणि वर उपकार! भांडले असते, पण भांडणात हे मुद्दे काढतात, कचेरीतली सवय. मी "बरं" म्हटलं. ते हात धुऊन आत झोपायला गेले, तशी मी परसात गेले. हँडलची पट्टी सोडवली, दोन्ही दांडे वीतभर कापले, पट्टी पुन्हा बसवली. कापलेले तुकडे चुलीत घातले. करवत त्यांचीच होती, त्या हँडलपुरती एकदाच वापरलेली, म्हणून छान धार होती.

रविवारी हे टोपी घालून आले. हँडल धरलं, वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. चार पावलं गाडी ओढली आणि कंबरेवर हात ठेवून थांबले.

"हे असं खाली कसं आलं?"

"खारी हवा आहे," मी म्हटलं. "लाकूड आटतं."

ह्यांना एखादी गोष्ट ठाऊक नाही असं आजवर झालेलं नाही. त्यांनी मान डोलावली. "हो, सागवान आटतंच," म्हणाले. शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी उभे होते. हे लगेच त्यांना समजावायला लागले, लाकडातला ओलावा, समुद्राचं मीठ आणि काय काय.

मी पट्टी हातात घेतली. अगदी माझ्या मापाची. सुरूंपाशी हवा कमी केली आणि पाण्याकडे निघाले. वाटेत एक जण मोबाइल पुढे करून म्हणाला, "मावशी, फोटो काढू? काकांची ना ही गाडी?"

"गाडी नाही, पेटी आहे," मी म्हटलं. "माझी. काढ."