पाहुणे होण्याची तयारी

आम्ही पोर्तुगालला जाणार ही बातमी गावात पसरली तेव्हा पहिला प्रश्न आला तो नाक्यावरच्या दुकानात. साखर बांधता बांधता दुकानदाराने आवाज खाली आणला आणि विचारलं, "बाई, मगे नोंदणी झाली तुमची?"

"कसली नोंदणी?"

"थयच्या पासपोर्टाची."

आमच्या गोव्यात पोर्तुगालला जाणारा माणूस दुसऱ्या कशासाठी जात असेल असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. पोर्तुगीज राजवटीत झालेला आईबापांचा जन्म तिथल्या दप्तरात नोंदवायचा, पासपोर्ट घ्यायचा आणि पुढे इंग्लंडात कामाला जायचं, हा ठरलेला रस्ता. मी म्हटलं, "नाही हो. आम्ही सुट्टीला चाललोय. आठवडाभर. समुद्रकाठी एक छोटं शहर आहे, तिथं."

त्याने साखरेची पुडी माझ्या हातात दिली. त्याच्या दुकानासमोरून जो रस्ता जातो तो सुरूच्या झाडांतून थेट समुद्रावर उतरतो. त्याने त्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुट्टीक? समुद्रार?" एवढंच म्हणाला. माझ्यावर त्याचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला नाही.

आमचं घर पेडणे तालुक्याच्या अगदी टोकाला, केरीला. पलीकडे नदी आणि तिच्या पलीकडे तेरेखोलचा किल्ला. घरामागे आम्ही तीन खोल्या बांधल्या, त्याही आता जुन्या झाल्या. हिवाळ्यात पर्यटक येतात, त्यांना त्या भाड्याने देतो. मी गावच्या मराठी शाळेत शिकवत होते, खोल्यांचं सगळं बघायचे ते माझे यजमान. सकाळी पोदेर सायकलचा भोंपू वाजवत आला की त्याच्याकडून पाव घ्यायचे, चहा करायचा, कुणाला स्कूटर, कुणाला डॉक्टर, कुणाला हरवलेली चप्पल. अर्धं आयुष्य आम्ही दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळल्या. आमची स्वतःची सुट्टी म्हणाल तर लग्नकार्यं, बारशी, बाराव्याला जाणं आणि कधीतरी कोल्हापूरची अंबाबाई. कुठेतरी जाऊन नुसतं बसायचं, असं आम्ही कधीच केलं नव्हतं.

हे सुचवलं ते मावशीने. ती आमची खरी मावशी नव्हे. ती पोर्तुगीज, दवाखान्यात नर्स होती, निवृत्त झालेली. पहिल्यांदा आली तेव्हा एका पाठपिशवीसह हरमलहून मोटरसायकलवर मागे बसून आली होती. तिथं फार गोंगाट आहे म्हणाली. मागची खोली घेतली आणि रोज व्हरांड्यात बसून राहायला लागली. पुस्तक मांडीवर असायचं, पण पान उलटलेलं दिसायचं नाही. कुणाशी बोलायची नाही. यजमान तिच्यासमोर चहा ठेवून निघून यायचे.

एका संध्याकाळी डास येत होते म्हणून मी स्वयंपाकघरातून मुलीला ओरडून सांगितलं, "गो, जनेल धांप!" मुलगी जागची हलायच्या आत व्हरांड्यातली ती बाई उठली आणि तिने खिडकी लावली. मी बाहेर येऊन बघतच राहिले. ती म्हणाली, "जनेला. तुम्ही जनेला म्हणालात ना?" त्यांच्याकडे खिडकीला तेच म्हणतात. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली, आणि पहिल्यांदा आमच्याबरोबर जेवायला बसली. तिचा नवरा गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, हे तिने त्या जेवणात सांगितलं.

त्यानंतर ती दर हिवाळ्यात यायची. मुलं तिला मावशी म्हणायला लागली, मग सगळंच गाव. मावशी म्हणजे आईची बहीण हे कळल्यावर तिला कोण आनंद झाला होता. मग साथीची वर्षं आली, आणि ती सरल्यावर तिचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण एवढा प्रवास आता जमायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात तिने व्हिडिओवर फोन केला आणि म्हणाली, "मी इतके हिवाळे आले. आता तुमची पाळी. माझं घर लहान आहे, पण एक खोली रिकामी आहे."

तिचं गाव तव्हीरा. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला, नदीच्या मुखाशी. फोनवरच तिने पूल दाखवला, पांढरी घरं दाखवली, एक छोटी होडी दाखवली जी माणसांना समोरच्या बेटावरच्या किनाऱ्यावर नेते. मी त्याच क्षणी हो म्हटलं. यजमानांनी मान हलवली, आणि मी ती होकाराची समजले.

मग तयारी सुरू झाली. कधी जायचं हाच पहिला घोळ. मे महिन्यात काजू आणि आंबा सोडून कोण जाणार? पावसात घर सोडवत नाही. हिवाळ्यात पाहुणे. शेवटी चवथ झाल्यावर, गणपती पोचवून, पर्यटक यायच्या आधी, असं ठरलं. मावशी म्हणाली, त्यावेळी तिथलं पाणी वर्षभरात सगळ्यांत उबदार असतं. मला हसू आलं. आम्ही पाण्यात कशाला जातोय!

पणजीला व्हिसाच्या कचेरीत गेलो तेव्हा यजमानांनी लग्नाला घालायचा शर्ट घातला होता. काचेपलीकडच्या मुलीने विचारलं, "तिथं कुणाकडे राहणार?"

"मावशीकडे," यजमान म्हणाले.

मुलीने आमंत्रणाच्या कागदावरचं भलंमोठं पोर्तुगीज नाव वाचलं. "ही तुमची मावशी?"

"व्हय," त्यांनी ठामपणे सांगितलं. मग मला पुढे होऊन सगळं समजावून सांगावं लागलं. मुलगी खाली मान घालून हसत होती, पण शेवटी म्हणाली, "माझ्या मम्मीलाही असंच कुठंतरी न्यायचंय." व्हिसा मिळाला.

खोल्या सांभाळायला धाकटी नणंद डिचोलीहून येणार होती. ती चार दिवस आधीच येऊन बसली आणि आमच्या बॅगेचा ताबा तिने घेतला. मी गुळाचं कडक खाजं भरलं की ती काढायची, "वयनी, तिचे दात बघितलेस काय? काजू घे." मी काजू भरले की आमसुलं पुढे करून म्हणायची, "सोलां घे, ती थय मिळत नाय." मला हे सगळं आवडत होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून इतकं हसत कुठली बॅग भरल्याचं मला आठवत नव्हतं.

आणि त्याच दिवशी जेवणं झाल्यावर यजमान म्हणाले, "तू जा. मी हय रवतंय."

मला वाटलं थट्टा करतात. पण ते ताट उचलून विहिरीकडे गेले, ताट स्वतः घासायला लागले. कधी घासत नाहीत. मी मागोमाग गेले.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरा आसा."

"विमानाची भीती वाटते?"

"विमानाची कित्याक भीती? मोपाचो विमानतळ झाल्यापासून दिवसभर माझ्या डोक्यावरसून जातत." ते थोडा वेळ ताटावर पाणी ओतत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका सांग, थय जावन मी करू काय? ती चाय आणून देतली आणि मी बसान पितलंय? म्हाताऱ्या बाईच्या हातची? तिचो गुडघो मोडलेलो, आणि मी खुर्चेर बसलंय. माका जमूचा नाय गो."

मी रागावले होते, आणि एकीकडे त्यांची कीवही येत होती. पाय पसरून खुर्चीत बसलेले आमचे यजमान मी कधी पाहिले नव्हते, हे मला तेव्हा जाणवलं. पाहुण्यांशी बोलतानाही ते खांबाला टेकून उभे असतात. मी म्हटलं, "मग मी एकटी जाते." म्हणून टाकलं आणि आत निघून आले.

नणंदेने हे ऐकलं आणि भावाला धारेवर धरलं. "दादा, वयनी एकटी गेली तर लोक काय म्हणतील ते सोड. ती एकटी थय समुद्र बघीत बसतली आणि तू हय माज्याबरोबर भांडत बसतलंस. ह्यां बरां दिसता?" पण त्यांचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. किती वाजता स्टेशनवर उतरणार, काय जेवणार, सोमवारी मासळी खात नाही हे तिच्या लक्षात आहे, असं सगळं ती सांगत होती. मला खोटं बोलवेना. मी फोन यजमानांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

त्यांनी आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं. मावशी, मी येणार नाही. माझी बायको येईल. मला तिथं काही काम नाही. मी काय करणार?

मला वाटलं ती समजूत घालेल, नाहीतर दुखावली जाईल. तिने यातलं काहीच केलं नाही. सावकाश, त्यांना समजेल असं एकेक वाक्य तोडून बोलली. "मी तुमच्या व्हरांड्यात काय काम करत होते? माझा नवरा गेला होता. माझ्या गावात सगळे मला विचारत होते, कशी आहेस, जेवलीस का, रडलीस का. तुमच्याकडे कुणी काही विचारलं नाही. तुम्ही चहा ठेवायचात आणि जायचात. त्या चहामुळे मी सकाळी उठत होते. इतकी वर्षं तुम्ही मला चहा दिला आणि मला एकदाही तुम्हाला द्यायला मिळाला नाही. मला तेवढं करू द्या. माझा हात थरथरतो, थोडा सांडेल."

यजमानांनी फोन माझ्याकडे परत दिला आणि बाहेर निघून गेले. मावशी विचारत होती, "रागावले का?" मी म्हटलं, "नाही. ते माडांना पाणी घालायला गेले." पावसाळा नुकताच संपलेला, माडांना पाण्याची काही गरज नव्हती. बराच वेळ आम्हाला नळीचा आवाज ऐकू येत होता.

दुसरा दिवस शुक्रवार, म्हापशाच्या बाजाराचा. चहा झाल्यावर ते मला म्हणाले, "चल, म्हापशाक जाऊया. तुझी बॅग मोठी आसा, पण माझे कपडे त्यात खय बसतत?" नणंदेने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. बाजार भरलेला होता. त्यांनी एक निळी बॅग घेतली, चाकं फिरवून फिरवून बघितली. एक स्वेटर घेतला, जो त्यांना थोडा मोठाच होता. आणि मग माझ्या नकळत, मसालेवाल्यांच्या ओळीत जाऊन मावशीसाठी चहाच्या मसाल्याची पुडी बांधून आणली. तिला तो आवडायचा, मी विसरले होते.

ग्रामदेवासमोर नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, आणि नणंदेच्या नवऱ्याने आम्हाला मोपाला सोडलं. प्रवासाचं फारसं सांगण्यासारखं नाही. पाय सुजले, मुंबईच्या विमानतळावर वाट चुकलो, लिस्बनला आगगाडीत बसल्यावर दोघंही झोपलो. तव्हीराच्या छोट्या स्टेशनवर मावशी काठी टेकून उभी होती. मी तिला मिठी मारली. यजमानांनी आधी नमस्कार केला, मग तिची काठी धरायची की बॅग हे त्यांना सुचेना.

पहिल्या सकाळी तिने चहा आणला. कप बशीत खुळखुळत होता. यजमानांचे हात दोनदा पुढे आले आणि दोनदा मागे गेले. शेवटी त्यांनी ते गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवले. चहा बशीत सांडला. त्यांनी बशीतला चहा आधी प्यायला, मग कपातला. मावशी समोर बसून बघत होती.

पुढचे दोन दिवस त्यांना फार कंटाळा आला, आणि तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. गावाबाहेर मिठागरं आहेत, आमच्या पेडण्यात आगरवाड्याला आहेत तशीच. तिथं जाऊन ते एका मिठागरवाल्याशी हातवारे करून बोलून आले आणि थोडे खुलले. मला मात्र कंटाळा आला नाही. मी मावशीबरोबर मासळीबाजारात जायचे, पुलावर बसायचे, दुपारी झोपायचे.

त्यानंतर एका दुपारी आम्ही तिघं होडीने बेटावर गेलो. मावशी एका बाकावर बसली. किनारा जवळजवळ रिकामा होता. यजमान बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी शर्ट काढला, घडी घालून माझ्या हातात दिला, पँटचे पाय गुडघ्यांवर चढवले आणि काही न सांगता पाण्यात शिरले. गुडघ्यांपर्यंत, कमरेपर्यंत, मग सरळ पोहायला लागले. मावशीने बाकावर काठी आपटून टाळ्या वाजवल्यासारखं केलं. मी ओरडले, "अवो, लांब जाऊ नका!" त्यांनी लाटेतून मान वर काढली.

"ये गो," ते म्हणाले. "थंड आसा, पण बरां आसा."

मी त्यांचा शर्ट मावशीच्या मांडीवर ठेवला आणि चप्पल काढली.