फेस कुठे झटकलात?

पुकाल्पा या नदीकाठच्या शहराच्या बाजारात झोराइदा तानांताचं रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. नदीवरच्या लाँचांचे रेडिओही तीच बघते. गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेतल्याशिवाय स्क्रूला हात लावत नाही, म्हणून लोक तिच्यावर वैतागतात आणि पुन्हा तिच्याकडेच येतात.

माझ्या पुतणीचं, मारिलूचं लग्न होतं. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या दीरानं, एर्मोहेनेसनं, ती लग्नाच्या हॉलमध्ये येताना गिटार वाजवायचं कबूल केलं होतं. मारिलू गाडीत बसून वाट बघत होती आणि एर्मोहेनेसच्या इलेक्ट्रिक गिटारमधून जरासाही आवाज निघत नव्हता. त्यानं तारा बदलल्या, वायर बदलली, शेवटी मागचं झाकण उघडायला निघाला.

"ठेव तो स्क्रूड्रायव्हर!" लग्नाला आलेली झोराइदा चावणाऱ्या नव्या चपला हातात घेऊन पुढे आली. "आवाजाचं बटण?"

"पूर्ण वर आहे. मी काय बाळ आहे?"

तिनं अँप्लिफायरच्या वायरचं मोकळ्या टोकाला बोट लावलं. घुर्रर्र झालं.

"हा जिवंत आहे. कालची तालीम इथंच झाली ना?"

"इथंच."

"बिअर होती?"

"तालीम होती, झोराइदाताई, दफन नव्हतं."

"मग फेस कुठे झटकलात?"

आमच्याकडे एकच ग्लास हातोहात फिरतो. पिऊन झालं की तळाचा फेस जमिनीवर झटकायचा आणि ग्लास पुढच्याला द्यायचा. काल बारा माणसं होती, आणि जमिनीवर एर्मोहेनेसची पायानं दाबायची डबी होती, गिटार नि अँप्लिफायरच्या मध्ये जोडलेली, आवाज घुमवणारी.

झोराइदानं डबी उचलून हुंगली. "प्यायलीय ही. चिकट झालीय नुसती." तिनं डबी बाजूला केली आणि गिटार थेट अँप्लिफायरला जोडली. एर्मोहेनेसनं तार छेडली. आवाज आला, स्वच्छ, कोरडा.

माझा जीव भांड्यात पडला. त्याचा मात्र नाही.

"डबीशिवाय? नागडं वाटतंय गं. बारीकशी चूकही लपायची नाही."

"मग चूक करू नकोस. डबी धुवून वाळेपर्यंत पोरगी गाडीत म्हातारी होईल."

त्यानं घाम पुसला आणि सुरुवात केली. चौथ्या सुरालाच बोट घसरलं. दारातून आत येणारी मारिलू थांबली, बापाकडे बघून खुदकन हसली. तो पण हसला, सूर पुन्हा पकडला, आणि ती त्या सुरावर चालत आली.