थोरल्या काकांची लाज

देवाने लाज माणसागणिक मापून वाटली असेल, तर आमच्या थोरल्या काकांच्या वेळी त्याच्या हातून माप नक्की निसटलं. साऱ्या रत्नागिरीला पुरून उरली असती एवढी लाज एकट्या काकांच्या वाट्याला आली, आणि बाकीचं गाव त्या मानाने मजेत राहिलं. बाजारपेठेत आमचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, कड्या, बिजागऱ्या, नळ, दोर. ते आजोबांनी काढलं, काकांनी चालवलं आणि आता मी बघतो. तिन्ही पिढ्यांत माल बदलला, भिंतींचा रंग बदलला, पण गल्ल्याच्या बरोबरीने ही लाजही हातोहात पुढे आली. तिचं मूळ खाडीकाठच्या नाटे गावात आहे. आजोबांनी तिथल्या एका मच्छीमाराला होडीसाठी तांब्याच्या खिळ्यांत चुकून लोखंडी खिळे दिले. ते खारं पाणी पिऊन कुजले आणि होडीची फळी भर खाडीत सुटली. माणसं सुखरूप परत आली. पण आजोबा दुकान बंद करून नाट्याला गेले, सगळे खिळे बदलून होईपर्यंत होडीशेजारी बसून राहिले, आणि म्हणतात की तेवढ्या वेळात त्यांनी मान वर केली नाही.

काकांनी ही गोष्ट नुसती ऐकलेली, पण मान मात्र तेव्हापासून त्यांचीच खाली गेली. गिऱ्हाईक आलं की ते आधी विचारत, "रात्री गाज ऐकू येते काय?" समुद्र ऐकू येत असेल तर त्या घराला लोखंड द्यायचं नाही, पितळच द्यायचं, हा त्यांचा कायदा. एकदा एक कारकून म्हणाले, मला येते, पण बायको म्हणते येत नाही. काकांनी उघडलेला खोका बंद केला आणि आधी घरात एकमत करून या म्हणून त्यांना परत पाठवलं. ते गृहस्थ कड्या घ्यायला पुन्हा आले नाहीत, याचीही काकांना लाज वाटली.

गावात कुठेही गंज दिसला की तो आपल्याच दुकानातून गेला असं ते धरून चालत. वरच्या आळीत एक फाटक बिजागरीतून कललं होतं, तर काका त्या रस्त्याने जाणंच बंद करून चांगला लांबचा वळसा घेऊन घरी येत. सदऱ्याच्या खिशात तेलाची पिटुकली कुपी कायम. लग्न असो, बारसं असो, कुणाकडे भेटायला जाणं असो, आधी दाराला तेल, मग माणसांना नमस्कार. मला मुलगी बघायला गेलो तेव्हा ती पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि दार जे करकरलं, ते काकांच्या काळजाला गेलं. ते उठले, मुलीच्या वडिलांना बिजागरी आमच्याकडची का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली बसून तेल सोडायला लागले. ती ट्रे धरून उंबऱ्यावर ताटकळली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढे तीच माझी बायको झाली, आणि होकार आपण काकांकडे बघून दिला होता असं अजून ऐकवते.

खरं सांगायचं तर मला काकांची लाज वाटायची. दुकान माझ्याकडे आल्यावर मी पितळी मुलाम्याच्या चकचकीत बिजागऱ्या आणल्या. आत लोखंड, वर सोनं, आणि लोकांना त्याच हव्या असत. पावस गावात एकाने पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, त्याने सगळं समजून स्वतः त्याच निवडल्या. पावसाळा गेल्यावर त्याने आम्हाला पूजेला बोलावलं. पांढऱ्याशुभ्र दारांवर प्रत्येक बिजागरीखाली तांबडा ओघळ होता. काकांनी प्रसाद हातात घेतला तो तसाच राहिला.  दुसऱ्या दिवशी काका पिशवीत पितळी बिजागऱ्या आणि पेचकस घालून एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले. त्या वयात त्यांना एकटं कसं सोडणार, म्हणून मीही गेलो.

पावसला त्यांनी आपल्या निम्म्या वयाच्या माणसासमोर हात जोडले. माझी नजर चुकली, म्हणाले. नजर माझी होती, पण मी अंगणातल्या आंब्याच्या कलमाखाली मोबाईल बघत उभा होतो. तो बिचारा ओशाळून म्हणाला, अहो काका, दार माझं, मला चालतंय ना? काका गुडघ्यावर बसले होते, तिथूनच म्हणाले, "दार तुमचा, पन गंज आमचा."

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी दारं उतरवून पुन्हा लावली. परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत होतो. पेचकस पुसून पिशवीत ठेवत काका म्हणाले, "तुला माजी लाज वाटली, खरा ना? बरा झाला. कायतरी वाटला."

मुलाम्याचा माल मी त्यानंतर आणला नाही. पण काका ते विसरले. मग दुकान विसरले, आणि आता आम्हालाही विसरत चालले आहेत. दिवसभर मागच्या खोलीत बसून असतात. गिऱ्हाईक आल्यासारखं माझं हसून स्वागत करतात, काय दाखवू म्हणतात. चेहरा इतका निवांत की असा मी जन्मात बघितला नव्हता. त्यांना कसलीच लाज वाटत नाही, आणि ते बघवत नाही.

त्यांच्या खोलीचं दार हल्ली करकरतं. हार्डवेअरवाल्याच्या घरात हे शोभतं का, असं बायको रोज विचारते. तेलाची कुपी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात अजून आहे, पण मी तिला हात लावत नाही. सकाळी चहा घेऊन जाताना मी ते दार मुद्दाम हळूहळू उघडतो, करकर जितकी लांबवता येईल तितकी लांबवतो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. काका हसतात, कप घेतात. दाराकडे बघत नाहीत. मग मी ते तसंच करकरत लोटून घेतो आणि त्यांच्या वाटणीची लाज घेऊन दुकान उघडायला जातो.