चंदाचं अर्धं तिकीट

चंदा अमळनेर-धुळे एसटीत कधी बसायची नाही. सीट रिकामी असली तरी दांडा धरून उभी. लग्नांत भरिताची वांगी भाजून हात काळे पडलेले, आवाज माझ्यासारखा जाड, पदर मात्र सदा डोक्यावर. आमच्या गल्लीतली ती माझ्या बायकोची, मथुरेची मैत्रीण. मथुरेला कॅन्सर झाला तेव्हा दर खेपेला धुळ्याच्या दवाखान्यात तीच सोबत यायची. मी हमाल माणूस. मला ओझं उचलता येतं. ओकणाऱ्या बाईचं डोकं कसं धरायचं, ते चंदाला येत होतं.

एसटीत बायांना अर्धं तिकीट. ओळखीचा कंडक्टर चंदालाही अर्धंच द्यायचा. ती परत करायची. "कार्डावर अजून पुरुष शे, भाऊ. पूर्ण फाड."

मथुरा चिडायची. "येडी, देतोय तर घे ना! आणि बस माझ्यापाशी. बायांचीच सीट आहे."

"आज हा देईल, अक्का. उद्या दुसरा बठ्ठ्या गाडीसमोर उठवेल. कार्ड होऊ दे. मग कोणी उठवून दाखवावं माले."

चंदाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरचा कागद जोडलेला, तरी नव्या कार्डासाठी जळगावच्या कचेरीत आज या, उद्या या. एक कारकून हसून म्हणाला, "बाई व्हायची एवढी काय हौस?"

"बाई तर मी शेच, साहेब. तुमच्या कागदाले अजून माहीत नही."

हे ऐकून मथुरा ठसका लागेपर्यंत हसली. मला हसू आलं नाही. मी त्याची गचांडी धरली असती. चंदा मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याच टेबलासमोर उभी.

कार्ड आलं तेव्हा डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, मथुरेला आता आणू नका, घरीच सांभाळा. मथुरा म्हणाली, "मला एकदा एसटीत न्या." धुळ्यात काम काहीच नव्हतं. तरी नेलं.

कंडक्टर नेमका नवा. त्याने कार्ड पाहिलं, तोंड पाहिलं, परत कार्ड पाहिलं. सगळी गाडी वळून बघायला लागली. चंदा शांत. "निवांत वाचा, भाऊ. सरकारले लिहायला वर्षं लागली."

त्याने अर्धं तिकीट फाडलं. चंदा मथुरेच्या शेजारी बसली, पाठ ताठ, नव्या नवरीसारखी.

"सरक जरा," मथुरा म्हणाली. "बाई झालीस म्हणून सगळी सीट घेशील का?"

अख्खी गाडी हसली. धुळ्यापर्यंत दांडा धरून मी उभा होतो. दोघींकडे बघून माझी मान आपोआप लवली.

त्याच महिन्यात मथुरा गेली. गल्लीतल्या बाया तिला न्हाऊ घालायला आत गेल्या. चंदा उंबऱ्याबाहेर थांबली, आम्हा पुरुषांपासूनही लांब. तेवढ्यात आतून गल्लीतली सगळ्यात खट म्हातारी ओरडली, "चंदे, बाहेर काय करतेस? पाणी कोण घालेल तिला?"

चंदाने पदर खोचला. ब्लाउजमधलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"धरा, नाना. भिजेल," म्हणाली, आणि आत गेली.