वाळुंजाचं बन आणि दोन जाळी

मनकर्णाचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. पूर्णाकाठच्या भोईवाड्यात सगळेच तिला टरकून असत. नवरा गेल्यापासून तीच नदीत उतरून जाळं टाकी, आठवडी बाजारात मासे विकी आणि फार घासाघीस करणाऱ्याला मासे कापायचा कोयता दाखवी.

तिचा जीव होता काठावरच्या वाळुंजाच्या बनात. वाळुंज हे नदीकाठचं झाड, त्याची मुळं पाण्यात लोंबतात. पावसाळ्यात मासोळी त्यांतच अंडी घालते, पिल्लं तिथेच वाढतात. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, उन्हाळ्यात शेतात मजुरी नसते. भोईवाडा जगायचा तो या मासोळीवर आणि वाळुंजाच्या फांद्यांच्या टोपल्यांवर, आणि पुरात काठ धरून ठेवायची तीही हीच मुळं. म्हणून नियम होता, श्रावणात बनात जाळं टाकायचं नाही. कुणी टाकलंच, तर त्यानं आपलं जाळं आपल्याच हातांनी ताणून धरायचं आणि ते सगळ्यांसमोर कापलं जायचं.

त्या श्रावणात सापडला तो मनकर्णाचा धाकटा दीर बंडू.

"वयनी, घरात दीपमाला बाळंतीण हाय. चूल नाई पेटली."

"मंग मागाले काय झालं होतं बे? आमी मेलो होतो काय?"

असं म्हणत तिनं काठी थेट त्याच्या तोंडावर हाणली. समोरचे दोन दात चिखलात पडले. रक्त गळत असतानाच त्याला जाळं धरायला लावलं आणि तिनं ते उभं चिरलं. त्याची बायको दीपमाला तान्ह्या पोरीला घेऊन दारातून बघत होती. जाळं कापणं नियमातलं होतं. काठी नियमात कुठेच नव्हती, पण हे मनकर्णाला सांगणार कोण?

दिवाळीनंतर वाळूवाल्या खुशालरावाला नदीत ट्रॅक्टर उतरवायला वाट हवी होती. बनात जमीन कुठे टणक आणि कुठे दलदल, हे भोयांशिवाय कुणाला ठाऊक? बाजाराचा दिवस साधून बंडूनं वाट दाखवली.

मनकर्णा बाजारातून परतली तेव्हा जेसीबी मुळांसकट झाडं उपटत होता. पाटी फेकून ती धावली आणि कोयत्यानं मशीनची काच फोडली. खुशालरावाच्या माणसानं लोखंडी गज घातला. उजवं कोपर कडकन मोडलं. तिनं डाव्या हातानं त्याचे केस धरले आणि कानाचा लचका तोडला. दुसरा गज डोक्यावर आला, तो बंडूनं मध्ये पडून पाठीवर घेतला. तोवर भोईवाडा वल्ही आणि दगड घेऊन आला होता. ड्रायव्हरचं डोकं फुटलं, खुशालराव जीपमध्ये बसून पळाला. अर्धं बन वाचलं, अर्धं आडवं पडलं होतं.

मनकर्णाचा हात प्लास्टरमध्ये असतानाच भोईवाडा काठावर जमला. बंडूनं कुणी सांगायच्या आत आपलं नवं जाळं आणलं आणि ताणून धरलं. सगळे मनकर्णाकडे बघू लागले. ती बघत होती त्याच्या तोंडातल्या खिंडाराकडे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती घरात गेली, स्वतःचं जाळं ओढत घेऊन आली आणि कोयता बंडूच्या हातात दिला.

"आधी माहं काप."

"वयनी, नको ना."

"बाळंतीण उपाशी हाय म्हणे तू, अन् म्या तुह्ये दात पाडले. काप म्हणते ना!"

एक हात निकामी, म्हणून जाळ्याचं एक टोक तिनं दातांत धरलं आणि दुसरं डाव्या हातानं ताणलं. बंडूनं कापलं. मग तिनं कोयता घेतला आणि डाव्याच हातानं त्याचंही जाळं कापलं.

बंडू मटकन खाली बसून रडायला लागला.

"रडू नको बे. ऊठ."

वाळुंजाची फांदी ओल्या चिखलात खोचली की मूळ धरते. आडव्या पडलेल्या झाडांच्या फांद्या तोडून बायकांनी त्या काठावर रोवल्या, आणि पाण्यानं वाहून जाऊ नयेत म्हणून कापलेल्या जाळ्यांच्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधल्या. दीपमालानं पोरगी पाठीशी बांधली होती. तिनं मनकर्णाकडे बघितलंही नाही, फक्त फांदी पुढे केली. मनकर्णानं ती धरली आणि दीपमालानं गाठ मारली.

त्या वर्षी दोन्ही घरांत जाळं नव्हतं. चूल मात्र एकच होती, मनकर्णाच्या दारात.