विहिरीवाला सिनेमा

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. बाबा मँगनीजच्या खाणीत खाली उतरायचे. वसाहतीच्या मैदानात महिन्यातून एकदा पडदा लागे. वर्षभरातल्या सिनेमांतून तिघांची समिती एक निवडायची आणि तो कामगारांच्या वार्षिक कार्यक्रमात पुन्हा दाखवायचे. त्या वर्षी समितीत कल्याण अधिकारी, शाळेचे गुरुजी आणि मी. मी का, तर वसाहतीतून भंडाऱ्याला कॉलेजात जाणारा मी एकटाच होतो.

चर्चा दोनच सिनेमांची झाली. एक रंगीत, मुंबईत मोठा पुरस्कार मिळालेला. दुसरा काळापांढरा. नवरा विहीर खणतो आणि बायको काठावर बसून खालून येणारा सब्बलीच्या घावांचा आवाज ऐकत राहते, एवढीच गोष्ट. त्याला कुणी काही दिलं नव्हतं. तो लागला तेव्हा बाबांची दुसरी पाळी होती. आईनं जेवण वाढता वाढता त्यांना तो तुकड्यातुकड्यानं सांगितला, पण ऐकून त्यांचं समाधान होईना. "निवडसाल त मलेबी पाहाले भेटन," असं ते मला एकदाच म्हणाले, तेही जरा लाजत.

गुरुजींनी विहिरीच्या सिनेमाला मत दिलं, अधिकारी साहेबांनी रंगीत सिनेमाला. मग दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मला विहिरीचाच आवडला होता. पण मुंबईच्या जाणकारांपेक्षा आपल्याला जास्त कळतं का, असं साहेब हसत म्हणाले. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायची माझी ती पहिलीच वेळ. मला अडाणी दिसायचं नव्हतं. मी रंगीत म्हणालो. वर छायाचित्रणाबद्दल दोन वाक्यंही बोललो.

घरी फक्त निकाल सांगितला. माझं मत कुणाला गेलं, ते नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सतरंजीवर बसताना शेजारच्या काकांनी बाबांना टोमणा मारला, "काहून गा, विहिरीवाला नाई आला? पोरगा त तुमचाच होता न समितीत?"

"त्यानं विहिरीवाल्यालेच देलं होतं मत," बाबा म्हणाले. "सायबापुढं पोराचं कोन आयकते?"

आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढच्याच रांगेतल्या गुरुजींनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे तोंड केलं. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं.

बाबांनी ही गोष्ट पुढे पुष्कळांना सांगितली. मी जवळ असलो की काहीतरी काम काढून उठून जायचो. त्यांना वाटायचं, पोरगा लाजतो.