जाऊबाईंची वाकळ

सकाळी नातसुनेनं जुनी वाकळ उन्हात टाकली आणि तिच्या वासासरशी मला निजामाच्या राज्यातलं तलवाड्याचं आमचं अंगण आठवलं.

आई गेल्यावर तिचं एक हिरवं लुगडं तेवढं माझ्याकडं उरलं होतं. थोरल्या जाऊबाईंनी ते फाडून सारवणाचं पोतेरं केलं आणि माझ्यादेखत शेणात बुडवलं. महिन्याभरानं मी त्यांच्या बाळंतपणासाठी वाकळ शिवायला घेतली. त्यांच्या पेटीतला लग्नाचा लाल शालू काढून दोन थरांच्या मध्ये अंथरला आणि वरून दाट टाके घातले. हात थरथरत होते, कुणी बघेल म्हणून.

"घ्या बाई, लई ऊब हाय," म्हणत मीच ती त्यांच्या अंगावर घातली.

पुढं कितीतरी वर्षं ती वाकळ पांघरूनच त्या विचारायच्या, "माजा शालू कुटं दिसला का गं?"

"न्हाई बाई."

विचारता विचारताच त्या गेल्या. वाकळ माझ्याकडं आली.

आज तिची एक कड उसवलेली दिसली. आतून लाल रेशीम डोकावत होतं.

"आत काय हाय, आजी? उसवून बघू का?" नातसुनेनं विचारलं.

मी सुई-दोरा मागून घेतला आणि तिथं गच्च टाका घातला. हात आजही थरथरले, पण ते वयानं.